सकाळी सहा चौतीसचा परशुराम

१३ जानेवारी, सोमवार

औषध कंपनीच्या माणसाने यंदाही डायरी दिली. गेल्या वर्षीची मनोरमाने वर्तमानपत्रातल्या पाककृती चिकटवायला पळवली होती. ही नाही देणार. म्हणून पहिल्या पानावर आधीच नाव टाकलं: परशुराम, मोरवा गाव, भाईंदर पश्चिम. आता बघू कोण चिकटवतं.

आज एक व्यवस्था लावली. लॅबमध्ये तेहतीस वर्षं दिवसाची पहिली नोंद माझ्या हातची असते. मोठे डॉक्टर म्हणायचे, परशुरामच्या हाताने भवानी झाली की पेशंटला खंड नाही. हा हात आईकडून आलाय. आमची हौसाबाई मासळी बाजारात बसली की आजूबाजूच्या बायका आपल्या पाटीतल्या पहिल्या मासळीला तिचा हात लावून घ्यायच्या, मगच गिऱ्हाइकाशी बोलायच्या. मोठे डॉक्टर गेले, लॅब त्यांच्या मुलाकडे, निकेतकडे आली, रजिस्टर जाऊन कॉम्प्युटर आले, तरी भवानी माझ्याच नावाने.

आता मनोरमाने टुमणं लावलंय. सकाळी सहाला घर सोडायचं नाही, नऊला जायचं, गुडघे सांभाळायचे. बरं बाई. पण मग भवानी कोण करणार? साडेसहाला लॅब रीमा उघडते, उपाशीपोटीची रक्तं घ्यायला. तिला म्हटलं, आधी माझ्या नावाने लॉगिन कर, पहिली नोंद घाल, मग ते बंद करून तुझ्या नावाने काम सुरू कर. पासवर्ड तिला सांगून टाकला. आईचं नाव आणि बाजारातल्या तिच्या ओट्याचा नंबर.

रीमा म्हणाली, "दादा, असं चालतं का? निकेत सरांना विचारू या ना."

"निकेत चड्डी सावरत फिरायचा तेव्हापासून मी इथे आहे. तू गपचूप कर."

बारा वर्षांपूर्वी ही लातूरहून आली तेव्हा हिला नळीवर चिठ्ठी सरळ चिकटवता येत नव्हती. सगळं मी शिकवलं. पोर गुणाची आहे.

१९ एप्रिल, शनिवार

तीन महिने डायरी उघडली नाही. लिहिण्यासारखं काही घडतच नाही तर काय लिहू?

आज मात्र डोकं फिरलं. लॅबमधून घरी यायला बस पकडली आणि उतरलो कुठे, तर पार पुढच्या डोंगरी गावाला! बस मोरव्याला थांबलीच नाही. कंडक्टरला झापलं, तर म्हणतो, "काका, थांबली होती. तुम्ही खिडकीतून बघत बसला होतात." म्हणजे मलाच शिकवतोय. रिक्षा करून परत आलो. मनोरमाला सांगितलं तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही.

२६ एप्रिल, शनिवार

मनोरमाला साठाव्या वर्षी व्यायामाचं वेड लागलंय. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येते, आणि संध्याकाळी माझी बस यायच्या वेळी नेमकी स्टॉपवर उभी असते. म्हणे पाय मोकळे करते. चला, उशिरा का होईना, नवऱ्याची किंमत कळली.

५ ऑगस्ट, मंगळवार

अक्षर वेडंवाकडं येईल, येऊ दे.

नवघरच्या पायल नावाच्या मुलीचा रक्तगट आमच्या लॅबने चुकीचा दिला. तिला सातवा महिना चालू आहे. गट बी निगेटिव्ह, आमच्या रिपोर्टवर बी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह बाईला या दिवसांत एक इंजेक्शन द्यावं लागतं. पॉझिटिव्ह लिहिलं की ते कोणी देत नाही, आणि मग पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तिच्या हॉस्पिटलने पुन्हा तपासलं म्हणून वाचलो. तिचा सासरा लॅबमध्ये येऊन टेबलावर हात आपटून गेला. त्याचं काय चुकलं?

डॉक्टर निकेतने मला केबिनमध्ये घेतलं. रिपोर्ट पुढे ठेवला. खाली नाव माझं. टेक्निशियनच्या कच्च्या चिठ्ठीवर निगेटिव्ह स्वच्छ लिहिलंय. ती चिठ्ठी बघून कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझं.

मी म्हटलं, "हे मी भरलेलं नाही. तेहतीस वर्षांत माझ्या हातून असं झालेलं नाही. कुणीतरी माझ्या नावाने आत शिरलंय."

निकेतने रिपोर्ट परत आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "काका, कॉम्प्युटरमध्ये कोण कधी आलं, कधी गेलं, याची नोंद असते. हिना उद्या येईल, ती काढून देईल. दुसरं कोणी निघालं तर त्याला मी एक दिवस ठेवणार नाही. तुम्ही निघालात तर..." मग म्हणाला, "तोवर कुणाला सांगू नका."

मी घाबरलोय. नोकरीला नाही. नोकरी चार महिन्यांनी तशीही संपणार. मला ती नोंद घातल्याची आठवण नाही, आणि घातली नसल्याचीही नाही. त्या दिवसाचं काहीच आठवत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

हिना मीरा रोडची. आमचे कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट तिच्या कंपनीकडे आहे. बोलते अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण समजावते छान. तिने माझ्याच मशीनवर एक लांबलचक यादी उघडली. नुसते आकडे.

"काका, डरो मत. हे सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर समजा. चार हजार सहाशे चोवीस लिहिलंय ना, म्हणजे माणूस आत आला. पंचवीस म्हणजे दारात आला पण चावी चुकली. चौतीस म्हणजे गेला."

"आणि हा बाजूचा आकडा?"

"तो टाईप. दोन म्हणजे समोर खुर्चीवर बसून, कीबोर्डवर पासवर्ड मारून आला. तीन म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, नेटवर्कमधून. दहा म्हणजे बाहेरून, दूरवरून. सात म्हणजे आधीच आत होता, स्क्रीनला कुलूप लावून चहाला गेला आणि परत येऊन कुलूप उघडलं."

मला वाटलं होतं, दहा निघेल. कुठला तरी परक्या मुलखातला हरामखोर. एकही दहा नाही. तीनही नाही. सगळे दोन आणि सात. म्हणजे जो कोणी आहे तो आमच्या लॅबमध्ये, आमच्या खुर्चीत बसतो.

मग तिने फक्त माझ्या नावाच्या नोंदी वेगळ्या काढल्या. रोज सकाळी सहा चौतीस, सहा तेहतीस, सहा छत्तीस. परशुराम आत आला. टाईप दोन. काउंटरवरच्या मशीनवर. रोज! मी नऊला जातो. सहा चौतीसला मी मोरव्यात चहा पीत असतो. मग हा परशुराम कोण?

हिना पुढे सरकत होती. तिने विचारलं, "काका, ये नौ बजे इतने पंचवीस क्यों?" रोज नऊच्या सुमारास माझ्या मशीनवर चुकीचा पासवर्ड. तीनदा, चारदा. परवा सहा वेळा. मी सांगितलं, कीबोर्डची बटणं अडकतात. तिने कीबोर्ड दाबून बघितला आणि यादी पुढे सरकवली.

ही यादीसुद्धा कायमची नसते म्हणे. जागा भरली की मागचं जुनं गळून जातं, नवं राहतं. तीन आठवड्यांपलीकडचं काही मिळणार नाही. आमच्या आईचं उलट झालं होतं. तिचं जुनं सगळं राहिलं, नवं गळत गेलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आईचं काल उगाच लिहिलं. रात्री झोप नाही आली.

लिहूनच टाकतो. शेवटच्या तीन वर्षांत आई पहाटे उठायची, रिकामी पाटी डोक्यावर घ्यायची आणि बाजाराकडे चालू लागायची. बाजार सोडून तिला पंधरा वर्षं झाली होती. आम्ही शोधत जायचो. ती आपल्या ओट्यावर बसलेली असायची, समोर रिकामी पाटी, आणि मला म्हणायची, "काय पायजे रं दादा? ताजा हाय सगळा." पोटच्या पोराला ओळखलं नाही तिने. घरी आणल्यावर तिला काही आठवायचं नाही. शपथेवर सांगायची, मी कुठं गेलीच न्हाय.

मग मी जातो की काय? सकाळी सहाला उठून, लॅबमध्ये जाऊन, आईसारखी भवानी करून परत येतो, आणि चहा पिताना मला काहीच माहीत नसतं? रीमाने बघितलं असेल, पण मोठ्या माणसाला कसं बोलायचं म्हणून गप्प असेल?

मनोरमाला विचारलं, "मी सकाळी कुठे बाहेर जातो का गं? तू झोपलेली असताना?"

ती भांडी घासत होती. हात थांबले. "असा का इचारता?"

"सहज."

"मी असताना तुमी कुठं जानार?" म्हणाली आणि नळ मोठा केला. हे काय उत्तर झालं?

झोपायच्या आधी दाराला आतून खुर्ची लावली आणि खुर्चीवर स्टीलचे दोन पेले, एकावर एक. गेलो तर पडतील.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

पेले जागेवर! साडेसहाला मी स्वतः खुर्चीसमोर बसून होतो, घड्याळ हातात घेऊन. सहा चौतीस झाले, पस्तीस झाले, चाळीस झाले. मी घरात. मनोरमा बघत उभी होती. तिला वाटलं असेल, म्हातारा वेडा झाला.

दहाला हिनाला फोन केला. तिने बसल्या जागेवरून बघितलं. "हाँ काका, आज भी है. छह तैंतीस."

देवा रे! मी नाही! दुसरा कुणीतरी आहे. चोर आहे, आणि चोर असल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल. संध्याकाळी खाडीवर नारळ सोडला तेव्हा आईचं नाव घेतलं. चुलतभाऊ शिवा म्हणाला, "परशादादा, आज खुशीत हाय जणू." मी म्हटलं, हाय तर! मनोरमा मात्र मान खाली घालून उभी होती. हिचं मला काही कळत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आनंद ओसरला. चोर आहे तर तो माझ्या नावाने करतो काय?

रिपोर्टच्या प्रोग्रॅममध्ये वेगळी नोंद असते, कुठला आकडा कुणी बदलला त्याची. हिनाने काढून दिली. रोज सकाळी सहा पस्तीसनंतर, माझ्या नावाने, आदल्या दिवशी मी भरलेल्या नोंदी बदलल्यात. तीन आठवड्यांत एकोणीस. मी कच्च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून एकेक ताडून बघितला. साखर एकशे सत्तावीस होती, मी भरली एकशे बहात्तर, चोराने केली एकशे सत्तावीस. एका बाईच्या नावापुढे मी पुरुष लिहिलं होतं, चोराने स्त्री केलं. एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी चोराचा आकडा बरोबर आहे.

किती पोहोचलेला असेल बघा. आधी माझ्या नावाने चुका पेरायच्या, मग आपणच दुरुस्त करायच्या, म्हणजे संशय येत नाही. आणि एक दिवस एकच चूक सोडून द्यायची. मला लॅबमधून काढायचा डाव आहे हा.

हिनाला हे सांगितलं. ती खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "काका, घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध?

११ ऑगस्ट, सोमवार

सापडला. सापडली.

यादीत रोज सहा चौतीस आहे, फक्त दोन दिवस नाही. एक ऑगस्ट आणि दोन ऑगस्ट. आणि पायलचा रिपोर्ट एक तारखेच्या सकाळीच छापून बाहेर गेला. म्हणजे त्या दोन दिवशी चोर आला नव्हता. हजेरीपट काढला. एक आणि दोनला रजेवर कोण? आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला कोण गेलं होतं?

रीमा.

जिला चिठ्ठी चिकटवायला शिकवली ती. माझ्या घरी येऊन कालवणभात खाऊन जाते ती. मनोरमाला वहिनी म्हणते ती. पाणी पिऊन पाच मिनिटं बसलो. पासवर्ड तिने कुठून चोरला? मी बोटं मारताना मागे उभी राहत असणार. साठ वर्षांच्या माणसाला भीती वाटावी तर कशाची? बाहेरच्याची नाही, आपल्याच माणसाची वाटते.

घरी सांगितलं. मनोरमा एकदम ओरडली, "रीमाचा नाव घेऊ नका! तुमाला काय म्हाईत न्हाय!" तीस वर्षांत ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. हिलाही फितवलंय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

केबिनमध्ये निकेत, हिना, मी आणि रीमा. मी सगळे कागद मांडले. रीमाने नाकारलं नाही.

"हो सर, मीच करते दादांच्या नावाने लॉगिन. दादांनीच सांगितलं होतं. भवानीसाठी. पासवर्डही त्यांनीच दिला."

मी उठून उभा राहिलो. "खोटं! धडधडीत खोटं! मी माझा पासवर्ड बायकोला दिला नाही, तो हिला देईन?"

"दादा," ती म्हणाली, "संक्रांतीच्या आदल्या दिवशी. आठवा ना. तुम्ही म्हणालात, निकेत सर चड्डी..." आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती घाबरली होती, पण स्वतःसाठी नाही असं मला का वाटलं कोण जाणे.

निकेतने विचारलं, "ठीक आहे, भवानी. पण एकोणीस नोंदी का बदलल्यास? त्या भवानीत येतात का?"

हिना काहीतरी बोलायला गेली, तर रीमाने तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "माझी चूक झाली सर. विचारायला हवं होतं."

"उद्यापासून येऊ नकोस."

तिने पांढरा कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. जाताना मला म्हणाली, "दादा, गोळ्या वेळेवर घ्या." कसल्या गोळ्या? मी फक्त ताकदीची एक गोळी घेतो, मनोरमा देते ती.

हिना मागे थांबली. "काका, एक बात बताऊँ? ती गलत एंट्री सकाळची नाही. एकतीस जुलै, दुपारी चार दहा. तुमच्या मशीनवर. टाईप सात. कुणीतरी चहाहून आलं, कुलूप उघडलं, आणि दोन मिनिटांत ती नोंद घातली. रीमा अडीचलाच घरी जाते. त्या दिवशी चारला ती लातूरच्या बसमध्ये होती."

"मग तिने दुसऱ्या कुणाला पासवर्ड दिला असेल."

हिनाने बॅग उचलली. "हो काका. असेल," म्हणाली.

जिंकलो. मग रीमाच्या कोटाची ती घडी डोळ्यांपुढून का हलत नाही?

१४ ऑगस्ट, गुरुवार

लेखी जबाब द्यायचाय. निकेतने सांगितलं, तुम्ही सहाऐवजी नऊला कधीपासून यायला लागलात ती तारीख घाला. ती आठवेना. दिवाळीनंतर? थंडीत? म्हटलं डायरीत असेल, म्हणून पहिल्या पानापासून उलटली.

तेरा जानेवारी.

तीनदा वाचलं. अक्षर माझं. श ची गाठ मी मारतो तशीच. "पासवर्ड तिला सांगून टाकला." "पोर गुणाची आहे."

मला हे आठवत नाही. लिहिल्याचं आठवत नाही, सांगितल्याचं आठवत नाही, तिचा चेहरा, माझा चेहरा, काही काही नाही. आत चाचपून बघतो तर तिथे भिंतसुद्धा नाही. डोंगरीच्या बसचंही पान आहे. तेही परक्याचं असावं तसं वाचलं.

आई, मी कुठं गेलोच न्हाय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मनोरमाला डायरी दाखवली. तिला माझं अक्षर फारसं लागत नाही, पण पान बघून तिला कळलं. ओट्याला टेकून रडली. मग म्हणाली, "चला, नवघरला जाऊ. रीमाकडं."

रिक्षात तिने सगळं सांगितलं. डिसेंबरमध्ये रीमानेच तिला फोन केला होता: वहिनी, दादांच्या नोंदी चुकतायत. सहाला जायचं बंद करा म्हणणं गुडघ्यांसाठी नव्हतं. पहाटे मी दोनदा लॅब सोडून मासळी बाजाराकडे गेलो होतो. ताकदीची गोळी ताकदीची नाही, विसरण्यावरची आहे. स्टॉपवर उभं राहणं व्यायामासाठी नाही. सगळ्यांना माहीत होतं. ज्याचं डोकं, त्याला सोडून.

रीमाच्या चाळीत झेंडावंदन चालू होतं, पोरं जिलेबी खात होती. तिने दार उघडलं तशी मी डायरी पुढे केली. तिने तेरा जानेवारी वाचलं आणि पदराने डोळे पुसले.

मी म्हटलं, "त्या एकोणीस चुका माझ्या होत्या."

"हो दादा."

"तू रोज सकाळी भवानीच्या निमित्ताने त्या निस्तरायचीस."

"रिपोर्ट छापायच्या आत सगळ्या चिठ्ठ्या ताडून बघायची. एक तारखेला मी नव्हते. काउंटरवरच्या शशिकांतला सांगून गेले होते, पण नीट सांगता आलं नाही. कारण काय सांगणार होते त्याला? ती पायल... ते माझ्यामुळे झालं दादा. मी झाकून ठेवलं म्हणून."

"मग त्या दिवशी केबिनमध्ये का नाही बोललीस? नोकरी गेली तुझी!"

"तुमच्या आईचं तुम्हीच सांगितलं होतं मला. म्हणाला होतात, रीमा, मला मरणाची भीती नाही, पण त्या रिकाम्या पाटीची वाटते." ती खाली बघत म्हणाली, "मग सगळ्यांसमोर मी ती पाटी तुमच्या डोक्यावर कशी ठेवू?"

हेही मी तिला कधी सांगितलं, मला आठवत नाही. पण खरं आहे ते. माझ्याशिवाय कुणाला सुचणार?

१८ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टर निकेतच्या टेबलावर डायरी ठेवली. तेरा जानेवारी उघडून. म्हटलं, वाच. त्याने वाचलं. चड्डीपाशी आला तेव्हा हसला, आणि मग त्याला हसवेना.

मी सांगितलं, चार दहाचा परशुराम मी. सहा चौतीसचा परशुराम रीमा. पायलच्या बाळाला जो धोका झाला तो माझ्यामुळे, आणि ज्या एकोणीस लोकांना झाला नाही तो तिच्यामुळे. तिला आजच्या आज परत बोलाव आणि माझं नाव बंद कर. पायलच्या सासऱ्याकडे मी स्वतः जाऊन पाया पडेन.

त्याने रीमाला फोन लावला, माझ्यासमोर. तिने आधी विचारलं, "दादा कसे आहेत?" मग उद्या साडेसहाला येते म्हणाली. निकेत म्हणाला, यापुढे प्रत्येक रिपोर्ट दोघांनी ताडायचा, लपूनछपून नाही.

दुपारी हिना आली. माझं खातं बंद करायच्या आधी म्हणाली, "काका, एक बार आखिरी?" मी बसलो. आईचं नाव मारलं. ओट्याचा नंबर मारला. चूक. पुन्हा. चूक. तिसऱ्यांदा हिनाने रीमाला फोनवर विचारून हळूच नंबर सांगितला. चार हजार सहाशे चोवीस, टाईप दोन. मग बाहेर पडलो आणि तिने ते नाव पुसलं नाही, नुसतं कुलूप लावलं. जुन्या नोंदींवर नाव राहतं म्हणाली.

बुधवारी मेंदूच्या डॉक्टरकडे दाखवायला जायचंय. मनोरमा येणार आहे, रीमाही. मला भीती वाटते. खोटं कशाला लिहू? पण पुन्हा विसरेन, पुन्हा कुणाला तरी चोर ठरवेन, याची त्याहून जास्त वाटते. म्हणून आता पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली, मोठ्या अक्षरात लिहून ठेवतोय:

परशुराम, डायरी उघडलीस की आधी हे वाच. पासवर्ड रीमाला तू दिलास. तिने काही चोरलं नाही. मनोरमा तुझ्याबरोबर येते तेव्हा तिच्यावर वसकन ओरडू नकोस. दोघी काय सांगतील ते ऐक. तुला हे पटणार नाही. मला माहीत आहे, कारण मलाही पटलं नव्हतं. तेव्हा भांडायच्या आधी नीट चष्मा लाव आणि अक्षर बघ. अक्षर तुझंच आहे.